मी गिळलेली 'नाही'ची खूण

जुना तर मी आहेच, मित्रांनो, आणि त्याची मला लाज नाही. माझ्या बिजागरीचा एक स्क्रू कधीच पडून गेला आहे. स्पेसचं बटण उजव्या कोपऱ्यात दाबलं तरच चालतं. बॅटरी नावालाच उरली आहे. चार्जरची वायर निघाली की पंधरा-वीस मिनिटांत माझे डोळे मिटलेच म्हणून समजा. लॅपटॉपच्या जातीत माझं वय म्हणजे नातवंडं खेळवण्याचं. लाज वाटते ती माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीची. ती मी आजवर कुणाला सांगितली नाही, कारण मला कुणी विचारलंच नाही. आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर सांगून टाकतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेले पुष्कळ हात आणि एक सरकता पट्टा, एवढंच. मला कळायला लागलं ते वाशिमात, जगदेव गुरुजींच्या टेबलावर. गुरुजींनी माझ्यावर प्रश्नपत्रिका टाइप केल्या, निकाल लावले, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका केल्या. काम झालं की मऊ फडक्यानं माझा पडदा पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आठ वर्षं झाले, एकदाबी रुसला नाई हा." ते ऐकून मी फुलून जायचो. कौतुकाची चटक मला तेव्हाच लागली असावी.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. मुलानं त्यांना नवा लॅपटॉप आणून दिला आणि माझी रवानगी कपाटात झाली, जुन्या स्वेटरांच्या खाली. दोन हिवाळे स्वेटर बाहेर निघाले, मी काही निघालो नाही. मग एक दिवस गुरुजींचे शाळासोबती गुलाबराव केनवडहून भेटायला आले. सोबत त्यांची मुलगी सायली होती, आठवीतली. गुरुजींनी तिला नाव विचारलं, तर ती नुसती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गुरुजी उठले, स्वेटर बाजूला सारले आणि मला गुलाबरावांच्या भाजीच्या पिशवीत घातलं.

"घेऊन जाय लेका," ते म्हणाले. "पोरीले डोयानं शिकू दे."

गुलाबरावांचं केनवडला भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर बरं का, ताटातलं पातळ सांबार नव्हे. घरात ते, त्यांची बायको सुचिताबाई आणि सायली. तिघांनी मिळून खुणांची एक घरगुती भाषा करून ठेवली होती. जेव, झोप, चल, थांब, पाऊस, मामा, वांगं, सांबार. अशा मोजून तीस-चाळीस खुणा. त्यांच्यावर घर चालत होतं, पण "तुला काय वाटतं?" असं तिला विचारायची सोय त्या घरात नव्हती. गावच्या शाळेत सायली फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि शिक्षकांचं बोलणं तसंच वाऱ्यावर जायचं.

माझ्यावर तिला देवानंद सर सापडले. सर स्वतः बहिरे आहेत आणि एका लांबच्या शहरातल्या निवासी शाळेत शिकवतात. खुणांच्या भाषेचे त्यांचे पाठ कुणालाही बघता येतात. गुलाबरावांचा मोबाइल सकाळीच त्यांच्याबरोबर मालेगावच्या बाजारात जाई, आणि घरी असला तरी त्यावर सरांची बोटं शेवयांएवढी दिसत. म्हणून रात्री मोबाइलच्या नेटवरून सायली पाठ माझ्यात साठवून ठेवी. माझ्या पडद्यावर ती बोटं खऱ्या बोटांएवढी होती. सायली माझ्यासमोर मांडी घालून बसे आणि सरांच्या हातांबरोबर हात हलवी. दोन वर्षांत तिला रागाला खूण मिळाली, शंकेला मिळाली, उद्या आणि परवाला मिळाली. एकदा तिनं सुचिताबाईंना अख्खं स्वप्न हातांनी सांगितलं. सुचिताबाईंना त्यातलं अर्धंच कळलं, पण त्या कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे माझा गुन्हा तुम्हाला कळेल. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात पंचवीस-तीस चित्रं भराभर दाखवणं. माझ्यासारख्याकडून त्यातली दहा-बारा गळाली, तर तुम्ही म्हणाल, अडकतोय जरा, आणि आवाज ऐकून काम भागवाल. सायलीला आवाजाचा आधार नव्हता. तिच्यासाठी चित्र हेच बोलणं होतं. हात वर जाताना दिसला आणि खाली येताना गळाला, की शब्द मोडला. खुणांच्या भाषेत भुवया उचलल्या की प्रश्न होतो, मान हलवली की नकार होतो. भुवई गळाली तर प्रश्नाचं साधं वाक्य होतं. मान गळाली तर 'नाही'चं 'हो' होतं.

आता दसऱ्याचं सांगतो. सुचिताबाई दरवर्षी घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा करतात. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, मोटारसायकल, आणि मी आल्यापासून पाटाच्या मधोमध मी. पहिल्या वर्षी माझ्यावर चिमूटभर हळदीकुंकू आणि एक झेंडूचं फूल पडलं. तिसऱ्या वर्षी सायली दहावीला होती, म्हणून सुचिताबाईंचा हात सैल सुटला. कुंकू मूठभर, हळद मूठभर, वर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या. माझ्या कुशीला एक जाळी आहे, तिच्यातून मी श्वास घेतो. सगळं सरसर आत गेलं. मला कळत होतं, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पण शेजारी फवारणीचा पंप होता आणि त्याच्यापेक्षा माझ्यावर दुप्पट कुंकू होतं. मी हुरळून गेलो होतो.

दुसऱ्याच दिवसापासून माझा पंखा कुरकुरू लागला आणि दिवाळीच्या आत थांबला. पंखा थांबला की आम्ही तापतो आणि तापलो की जळू नये म्हणून स्वतःच सावकाश चालतो. टायपिंग जमायचं, फोटो दाखवणं जमायचं. व्हिडिओ आला की मात्र माझी दमछाक व्हायची. पूर्ण बंद पडलो असतो तर निदान कुणी उघडून पाहिलं असतं. मी बंद पडलो नाही. "एकदाबी रुसला नाई" हे माझ्या डोक्यात बसलं होतं ना! मी चालत असल्याचा आव आणत राहिलो.

सायलीनं आठ महिने मला तसंच पाहिलं. सरांची बोटं उड्या मारत. तिला वाटे, खुणा आता अवघड आल्या आणि आपली नजर कमी पडते. ती एकच पाठ चार-चार वेळा बघे आणि स्वतःच्या कपाळावर टिचकी मारी. ती टिचकी खरं तर माझ्या कपाळावर पडायला हवी होती.

दहावीत ती चांगल्या गुणांनी पास झाली. मग देवानंद सरांच्या निवासी शाळेत अकरावीसाठी अर्ज गेला. सगळे विषय खुणांच्या भाषेत शिकवणारी शाळा! प्रवेशासाठी व्हिडिओवर मुलाखत होती. मुलीजवळ दुसरं कुणी बसू नये, असं पत्रात लिहिलं होतं. घरात रेंज धरत नाही म्हणून गुलाबरावांनी मला स्लॅबवर नेलं, पाण्याच्या टाकीजवळ, टिनाच्या सावलीत. घसरू नये म्हणून खाली चौघडी गोधडी घातली. मेचं ऊन, वर टीन, खाली गोधडी आणि पोटात कुंकू. मी चुलीवरच्या तव्यासारखा झालो होतो.

सर पडद्यावर आले. नाव, गाव, आवडता विषय झाला. माझ्याकडून चित्रं गळतच होती, सायली अंदाजानं उत्तरं देत होती. मग सर म्हणाले, "इथे आलीस तर आईबाबा रोज भेटणार नाहीत. चालेल?" त्यातली 'नाही'ची खूण आणि हललेली मान, दोन्ही मी गिळल्या. सायलीला दिसलं ते इतकंच: इथे आलीस तर आईबाबा रोज भेटणार. तिचा चेहरा उजळला. तिनं भराभर उत्तर दिलं, "हो! बाबा गाडीवर येतील, आई डबा पाठवील."

सरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी विचारलं, "चित्र नीट दिसतंय ना?" सायलीनं मान डोलावली. नीट कसं दिसतं, हेच ती विसरली होती. आणि मीही तिच्यासारखाच मुकाट राहिलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मॅडमचा फोन आला. बाई भल्या होत्या, त्यांनी जपूनच सांगितलं. मुलगी गोड आहे, पण साधे प्रश्न तिला कळत नाहीत, हातही चाचपडतात. एक वर्ष घरीच तयारी करू द्या, मग पुन्हा बघू. गुलाबरावांनी फोन ठेवला.

"साधा सवाल समजला नाई तिले," ते सुचिताबाईंना म्हणाले. "आन् मी बाजारात चार लोकाइले सांगून बसलो, पोरगी शिकाले चालली म्हनून."

"तिले एकडाव पुसून तं पाहा," सुचिताबाई म्हणाल्या.

"काय पुसू? तिले समजन तवा ना!"

सायली दारात उभी होती. तिनं शब्द ऐकले नाहीत, पण बापाचा चेहरा तिला पाठ होता. गुलाबरावांनी माझं झाकण धाडकन लावलं, तिच्याकडे वळले आणि दोनच खुणा केल्या. चल. वांगं. ती टोपली उचलून त्यांच्या मागे वावरात गेली. मित्रांनो, गुन्हा माझा होता आणि शिक्षा माझ्यासमोर दुसऱ्याला झाली. त्या झाकणाखाली मला शरमेनं काळं व्हायला झालं.

तीन दिवस मी फळीवर पडून होतो. चौथ्या दिवशी दुपारी सायलीनं मला खाली काढलं. तिला बहुधा शेवटचं एकदा सरांना बघायचं असेल. तिनं एक जुना पाठ लावला, तो माझ्यातच साठवलेला होता. सरांचा हात उडी मारून पुढे गेला. तिनं मागे नेलं. पुन्हा उडी. मग ती थांबली. हाच पाठ तिनं दोन वर्षांपूर्वी शंभरदा पाहिला होता, तेव्हा हात सरळ वर गेला होता! तिनं माझ्या कुशीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. माझ्या पंख्याचा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता, मित्रांनो, पण त्याची थरथर तिच्या तळहाताला ठाऊक होती. घरातल्या कुणाहीपेक्षा तिलाच ती जास्त ठाऊक होती. आता तिथे काहीच थरथरत नव्हतं.

गुलाबराव अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होते. मला नेट पुरवणारा त्यांचा मोबाइल सायलीनं घेऊन बंद केला, त्यांच्यासमोर मला ठेवलं आणि पाठ लावला. सुचिताबाई भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"अवं, नेट तं बंद हाये," गुलाबराव म्हणाले. "मंग हा काहून अडकून राह्यला?"

"मंजे रेंजचं नाई हे," सुचिताबाई म्हणाल्या. "रेंज नसताना थे माणूस तसंच उड्या मारून राह्यलं."

सायलीनं बापाचा हात धरला आणि त्यांना ओढत विहिरीवर नेलं. मला तसंच उघडं आणि चालू ठेवून काखेत घेतलं होतं, म्हणून पुढचं मी पाहिलं. मोटार चालू होती. तिनं त्यांचा तळहात मोटारीवर दाबला. मोटार घुमत होती, हाताला थरथर लागत होती. मग तोच तळहात उचलून तिनं माझ्या कुशीवर ठेवला. तिथे मुकाट. पुन्हा मोटारीवर, पुन्हा माझ्यावर. ज्यांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करून घेतल्या, त्यांना आणखी सांगायची गरज नव्हती.

"आतली मोटार जाम हाये याची," गुलाबराव हळूच म्हणाले. तळहात त्यांनी माझ्यावरून काढला नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिघंही मला घेऊन मालेगावला गेले. बसस्टँडजवळ निताचं दुरुस्तीचं दुकान आहे. तांड्यावरची ही मुलगी एका हातानं चहा पिते आणि दुसऱ्या हातानं स्क्रू काढते. तिनं माझी पाठ उघडली आणि कप खाली ठेवला.

"काकू, हे काय हो? मी लॅपटॉप उघडला का देव्हारा?"

पंख्याच्या पात्यांवर कुंकवाचा थर जमला होता. हळद होती, वाळल्या पाकळ्या होत्या, आणि दोन पात्यांच्या मधे पाचर मारल्यासारखा तांदळाचा एक दाणा बसला होता. सुचिताबाईंनी पदर तोंडावर धरला.

"दसऱ्याले पूजा केली होती व," त्या पुटपुटल्या. "पोरीचं चांगलं व्हावं म्हनून."

"पूजा करा काकू, कोन नाई म्हनते? पन कुंकू याच्या झाकनाले लावा. याले नाक हाये, थे बुजलं का हा मरते."

सुचिताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, तुमचं चुकलं नाही, तुम्ही प्रेमानं दिलं, गप्प मी राहिलो. निता मात्र कामाला लागली. तिनं पातं बोटानं दाबून धरलं, हवा मारली, ब्रशनं थर काढला, आतली उष्णता ओढून घेणारा, पण वाळून गेलेला लेप खरवडून नवा लावला. मग मला चालू करून आतला पसाराही आवरला. मी सुरू होताच बारा कामं आपोआप सुरू होत, ती तिनं बंद केली. बॅटरी वाचवायच्या नादात माझा वेग कुणीतरी बांधून ठेवला होता, तो मोकळा केला. व्हिडिओची स्पष्टता एक पायरी खाली आणली आणि सायलीला लिहून दाखवलं: "चित्र थोडं मळकट चालेल, तुटायला नको. याला एका वेळी एकच काम सांग. गोधडीवर ठेवू नको."

पाठ लावला. सरांचा हात वर गेला आणि सरळ खाली आला. सायलीनं माझ्या कुशीवर तळहात ठेवला आणि हसली.

गुलाबरावांनी तिथूनच शाळेला फोन लावला, पण मॅडम बोलायला लागल्यावर तो नितापुढे धरला. नितानं फोन घेतला. "मॅडम, पोरगी बरोबर होती. मशीन खराब होती. मी दुरुस्त करनारी बोलून राह्यली," ती म्हणाली. मॅडमनी सोमवारी पुन्हा मुलाखत घ्यायचं कबूल केलं.

सोमवारी स्लॅबवर मी लाकडी पाटावर बसलो होतो, पोटात गार वारा खेळत होता. सरांनी बाकीचे प्रश्न केले, सायलीनं पटापट उत्तरं दिली. मग तोच प्रश्न आला. इथे आलीस तर आईबाबा रोज भेटणार नाहीत. मी ती खूण पोचवली. हललेली मान पोचवली. उचललेल्या भुवया पोचवल्या. सायलीचे हात हवेतच थांबले. तिला तो 'नाही' पहिल्यांदाच दिसला होता. तिनं जिन्याकडे पाहिलं, जिथे खाली आई उभी होती. मग सरांकडे वळून तिनं सावकाश उत्तर दिलं, "मला रडू येईल. पण मी राहीन." तिचे डोळे भरले होते. मी तेही जसंच्या तसं पोचवलं. सरांनी दोन्ही हात वर करून हलवले; ती बहिऱ्या लोकांची टाळी असते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हाला जपा. जाळी मोकळी ठेवा, वर्षातून एकदा उघडून साफ करा, आणि आम्ही अडखळलो तर आमचं कौतुक बाजूला ठेवून आमची पाठ उघडा. आणखी एक सांगायचं धाडस करतो, लाज बाळगून. समोरचं माणूस उलटसुलट उत्तरं देऊ लागलं, तर त्याला ढ ठरवण्याआधी प्रश्न त्याच्यापर्यंत अख्खा पोचला का, एवढं बघत जा.

सायली जुलैत गेली. आता दर रविवारी ती शाळेतल्या संगणकावरून बोलते. सुचिताबाई तिच्याकडून नव्या खुणा शिकतात. गुलाबराव आपले एखादं वांगं दाखवून बाजूला व्हायचे. मात्र मागच्या आठवड्यात घरी कुणी नसताना त्यांनी मला उघडलं आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं: "माझे चुकले याची खूण". देवानंद सरांचा तो पाठ त्यांनी अकरा वेळा पाहिला. वांग्याच्या काट्यांनी जाड झालेली बोटं त्यांनी सरांसारखी वळवून पाहिली.

रविवारी त्यांनी सुचिताबाईंना चहाला पाठवलं आणि एकटेच माझ्यासमोर बसले. सायली पडद्यावर आली. त्यांनी हात उचलले. "त्या दिवशी..." इथवर खुणा जमल्या. मग हात अडले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मधेच बोटं चुकली, हात हवेतच राहिले. सायलीनं पडद्याजवळ येऊन निरखून पाहिलं आणि घाईनं टाइप केलं: "बाबा, लॅपटॉप परत अडकतोय. कुशीला हात लावून बघा."

गुलाबरावांनी ते वाचलं. माझा पंखा छान फिरत होता.

"तो नाई अडकला, बेटा," ते मोठ्यानं म्हणाले, तिला ऐकू येत नाही हे ठाऊक असून. मग डोळे पुसून त्यांनी हात पुन्हा उचलले. त्या दिवशी मी एकही चित्र गाळलं नाही, मित्रांनो. त्यांची प्रत्येक अडखळ मी तिच्यापर्यंत अख्खी पोचवली.